मध्ये गायन

तबकडी तीन मिनिटांची.
सुरुवातीला फुर्तादचा ट्रंपेट,
मग पियानो, मग दोन सॅक्सोफोन
एकमेकांच्या पायात येत येत,
आणि एक मिनिट दहा सेकंदांनी
हॅना वाक्रूळकर येते.
चाळीस सेकंद गाते.
परत बँड.

लेबलावर सोनेरी अक्षरांत फुर्ताद आणि त्याची मंडळी.
खाली बारीक: फॉक्सट्रॉट, मध्ये गायन.
कुणाचं, ते नाही.

मी लाइनमन. कॅम्पातल्या खांबांवर चढून
तारा जोडण्यात हयात गेली.
बाई एक्स्चेंजात. कानाला हेडफोन, पुढ्यात वायरींचा गुंता.
मी वरून टेस्टला विचारायचो,
"ऐकू येतंय का बाई?"
त्या म्हणायच्या, "तुमचं येतंय. माझं कुणाला येतंय?"
मला वाटायचं, रास्ता पेठेतली बाई,
टोमणा मारल्याशिवाय लाइन देणार नाही.

पुढे कळलं, तेही डबा खाताना, तुकड्या-तुकड्यांनी.
वडील खडकीच्या कारखान्यात कारकून.
क्लबातला नाच शनिवारी,
आणि शब्बाथ सुटल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही.
आभाळात तीन तारे मोजायचे, मग जायचं.
पण रेसच्या मोसमात पुण्याला तारे कुठले!
वडील ढगांकडे बघत, मग घड्याळाकडे,
मग भिंतीकडे बघून म्हणत, "जा."

टांगा मागच्या दाराला. भटारखान्यातून आत.
स्टेजवर त्या मिस ॲना वॉकर,
या नावाचे रात्रीला तीन रुपये जास्त.
"गाण्यात चंद्र फार असायचा," बाई सांगायच्या,
"मी भिजलेल्या चपला पियानोमागे वाळत ठेवून
चंद्राबद्दल गायचे."

रेकॉर्डिंग मुंबईला.
उंची कमी पडली म्हणून रॉकेलच्या खोक्यावर उभं केलं.
मेणावर उमटलं ते खोडता येत नाही, साहेबानं बजावलं होतं.
तिसऱ्या ओळीआधी त्यांनी श्वास घेतला,
तो उमटला.
साहेब म्हणाला, चालेल, नाचणाऱ्यांना कुठे कळतंय.
बाजूला पंधरा रुपये. दोन वर्षांत सहा बाजू.
झाली कारकीर्द.

एका नाटक कंपनीनं विचारलं होतं मराठीत गाण्याबद्दल.
मालक म्हणाला, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे आवाज.
बाईंचा आवाज जायचा नाही.
माइकच्या जवळ जाऊन
कानात निरोप सांगावा तसा तो होता.
मग लढाई. परदेशाहून येणारा माल थांबला.
जुनी तबकडी मोडीत द्या, तरच नवी मिळेल.
लोकांनी बाईंना पोत्यात भरून दिलं.
"लाखच ती," त्या म्हणाल्या, "वितळली.
माझ्या अंगावर आता दुसरं कुणीतरी गात असेल."
आणि लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवली.

एकवीस वर्षं सगळ्या कॅम्पानं त्यांना ऐकलं.
डॉक्टरांनी, दारूवाल्यांनी, रात्री दोनला
बाळंतिणीच्या नवऱ्यांनी.
नाव एकानंही विचारलं नाही.
मीही हाक मारली ती बाई म्हणूनच;
हॅना हे मी त्यांच्या श्रद्धांजलीच्या
फळ्यावर वाचलं, तेही चुकीचं लिहिलेलं.

तबकडी जुन्या बाजारात सापडली, रविवारी,
स्टोव्हच्या बर्नरांखाली.
विकणारा म्हणाला, इंग्रजी आहे, नुसता बाजा आहे,
चाळीस द्या.
मी घासाघीस केली. पस्तीसला घेतली.
आता त्या पाच रुपयांची लाज वाटते.

कडेला टवका उडालाय, सुई तिथे लंगडते.
बँड मला कळत नाही. इंग्रजी तर नाहीच.
मी फक्त तिसऱ्या ओळीची वाट बघतो,
त्याआधी तो श्वास येतो,
अगदी तोच,
"नंबर सांगा" म्हणायच्या आधीचा,
आणि खांबावर असल्यासारखा
माझा हात धरायला काहीतरी शोधतो.